योलानकाकूंचं नाक

ईस्टरच्या सोमवारी आमच्या गावातल्या बायका सकाळपासून नटूनथटून बसतात आणि पुरुष घरोघर हिंडून त्यांच्या डोक्यावर अत्तर शिंपडतात. आधी एखादी कविता म्हणायची, मग शिंपडायचं, मग रंगवलेलं अंडं खिशात टाकून पालिंका ह्या फळांच्या दारूचा एक पेला घशाखाली उतरवायचा आणि पुढच्या घराकडे वळायचं. शिंपडलं नाही तर बाई वर्षभरात सुकून जाते म्हणतात. पाचव्या घरापासून पुरुषांना कविता आठवत नाही, आणि पाचव्या पाहुण्यापासून बाईच्या डोक्याला असा काही वास सुटतो की त्यापेक्षा सुकून गेलेलं परवडलं. गुलाब, लिंबू, देवदार, न्हाव्याच्या दुकानातलं काहीतरी निळं. सगळं स्वस्तातलं आणि सगळं एकावर एक.

योलानकाकूंच्या घरी ही गर्दी जरा जास्तच असे, कारण योलानकाकू म्हणजे गावाचं नाक. हा हुद्दा होता, नुसतं कौतुक नव्हतं. सेगेद शहराच्या खालचा हा सगळा पट्टा मिरचीचा. शरदात मिरच्या तोडायच्या, माळा करून वळचणीला टांगायच्या, सुकल्या की दळायच्या, आणि ती पूड पोत्यात भरण्याआधी मिरचीवाल्या शेतकऱ्यांच्या संघाच्या ऑफिसात टेबलामागे बसलेल्या योलानकाकूंच्या नाकाखाली धरायची. त्यांनी मान डोलावली तर पहिली प्रत. ओठ मुरडले तर दुसरी. आणि नुसतं "हं" म्हणाल्या तर माणूस मागच्या दाराने घरी जाऊन बायकोशी भांडायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. संघाचे तीन अध्यक्ष झाले, दोन गिरण्या बंद पडल्या, काकूंचे यजमान गेले, पण त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.

अडचण एवढीच होती, की ह्या नाकाला गेल्या सोळा महिन्यांत कशाचाही वास आला नव्हता.

मागच्या आधीच्या नाताळात काकूंना ताप आला. चार दिवसांनी उतरला, आणि उतरताना वास घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, ह्या वेळची कॉफीच भिकार आहे. मग वाटलं, साबणवाल्यांनी साबण बदलला. एके दिवशी शेगडीवर कांद्याचा कोळसा झाला आणि त्या त्याच खोलीत मोजे विणत बसल्या होत्या. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे उमगलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलीलासुद्धा नाही.

हंगाम आला तसा निभावला. रंग डोळ्यांना दिसतो, तेल बोटांना कळतं, तिखट जिभेला झोंबतं. ह्यातल्या कशालाच नाक लागत नाही. उरलेलं त्या समोरच्याच्या तोंडावर वाचत. पूड जास्त भाजली गेली असेल तर माणूस हवापाण्यावर बोलतो. पोत्याला ओल लागली असेल तर तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो. ह्या शास्त्राच्या बळावर काकूंनी अख्खा शरद काढला आणि चुकल्या फक्त एकदा. शेजारच्या वेंदेलकाकांची सहा पोती त्यांनी पहिल्या प्रतीत घातली आणि ती व्हिएन्नाहून परत आली, कुबट वास मारते म्हणून. वेंदेलकाकांच्या चेहऱ्यावर काकूंना काहीच दिसलं नव्हतं, कारण त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. साठ वर्षं पाइप ओढणाऱ्याला कुबट काय आणि केवडा काय.

त्या सहा पोत्यांमुळेच ह्या ईस्टरला संघाचा अध्यक्ष लोरिन्त्स सकाळी नऊला आला, काकूंच्या डोक्यावर थेंबभर गुलाब टाकला, आणि पेला संपला तरी उठेना. वेंदेलकाका कोपऱ्यात आधीच रुतून बसले होते. त्यांचा शिंपडण्याचा दौरा दरवर्षी इथेच सुरू होऊन इथेच संपे.

"संघ एक यंत्र घ्यायचं म्हणतोय, काकू," लोरिन्त्स हॅमच्या तुकड्याकडे बघत म्हणाला. "वास घेणारं. पूड आत टाकायची, कागद बाहेर येतो."

"घे की."

"त्याला सर्दी होत नाही."

"यजमान मेल्यावर ते रजाही मागणार नाही," काकू म्हणाल्या. "मला सात दिवस दिली होतीत. सहाव्या दिवशी बोलावणं आलं."

लोरिन्त्सने त्यावर रानमुळ्याचा कीस तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आणून विषय टाळला. पण तो बघत होता. काकू हॅम कापताना, अंडं सोलताना, पेला तोंडाशी नेताना तो त्यांच्या नाकाकडे बघत होता. काकूंच्या ते लक्षात आलं. खुर्ची गेली तर आपण कोण? पासष्ट वर्षांची एक विधवा, जिला जेवणाची चव लागत नाही. तशा बायका गावात पुष्कळ होत्या. त्यांच्याकडे ईस्टरला दोन माणसं येत, आणि त्यातला एक पोस्टमन.

अकराच्या सुमारास बुडापेस्टहून गाडी आली. त्यातून काकूंची मुलगी एमोके उतरली, आणि तिच्यामागून कोर्नेल.

कोर्नेलबद्दल काकूंनी वर्षभर ऐकलं होतं. वय एक्केचाळीस, विमा कंपनीत नोकरी, तब्येत चांगली, पहिलं लग्न सहा महिन्यांत मोडलेलं. हे सगळं चालण्यासारखं होतं. न चालण्यासारखं एवढंच, की हा माणूस अत्तरं हुंगायचा. साधीसुधी नव्हेत. दुकानात मिळतात ती अत्तरं म्हणजे त्याच्या मते फरशी पुसायचं पाणी. ह्याची अत्तरं कुठल्याशा तळघरात तीनशे बाटल्यांपुरती बनत आणि जगात ती तीनशेच माणसांना हवी असत, त्यातला हा एक. घरी दोनशे चौदा बाटल्या होत्या. त्या तो अंगाला लावत नसे, संपतील म्हणून. मनगटावर एक थेंब घ्यायचा, तासातासाने हुंगायचा, आणि मग इंटरनेटवर दोन पानं लिहायची. अकरा वर्षं त्याचा हाच उद्योग होता.

"काकू," त्याने छातीशी धरलेली काळी बाटली पुढे केली, "ही 'नरकाची तिसरी पायरी'. फ्लोरेन्सहून आणवलीय."

"पहिल्या दोन कुठायत?" वेंदेलकाकांनी विचारलं.

"हे मसाल्याचं अत्तर आहे," कोर्नेल त्यांच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाला. "आधी काळी मिरी तुमच्या अंगावर धावून येते. मग लवंग, जिरं. मग धूर. तासाभराने ओल्या मेंढीचं कातडं उलगडतं, आणि त्याच्या तळाशी, अगदी तळाशी, आपल्या इकडची लाल मिरची. पण ती तुम्हाला शोधावी लागते. ती शरमते."

"मिरची?" लोरिन्त्स म्हणाला. "शरमते?"

"केवढ्याला पडली?" वेंदेलकाका.

"चौऱ्याण्णव हजार फोरिंट."

वेंदेलकाकांनी पाइप तोंडातून काढला. तेवढ्या पैशांत तीन बकऱ्या आल्या असत्या, त्यांनाही वास असतो आणि शिवाय दूध देतात, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

मग कोर्नेलने कविता म्हटली. ती त्याने स्वतः केली होती. तिच्यात नेहमीच्या कवितांसारखं यमक नव्हतं, सुकत चाललेलं फूल नव्हतं, पाणी घालू का अशी विचारणाही नव्हती; स्त्री म्हणजे धूर आहे आणि आपण सगळेच जळतो असं काहीसं होतं.

"झाली?" वेंदेलकाकांनी विचारलं.

"झाली."

"मग शिंपड बाबा."

आणि कोर्नेलने शिंपडलं. कसलं शिंपडलं, ओतलंच. फवाऱ्यावर फवारा, भांगात, कानामागे, मानेवर. एमोकेच्या डोक्यावरही तेवढंच. थेंब मोजून जगणाऱ्या माणसाने एवढा सढळ हात दाखवलेला बघून एमोकेचे डोळे भरून आले.

"चला," लोरिन्त्स गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकला. "आता गावाचं नाक सांगेल काय काय आहे ते. डोळे मिटून, काकू. ह्यांनी सांगितलं ते विसरून."

कोर्नेलचा चेहरा उतरला. "आत्ता नको," तो घाईने म्हणाला. "हे उघडायला वेळ लागतो. दुपारी मी कागदाच्या पट्टीवर..."

"मिरी आली," वेंदेलकाका काकूंच्या डोक्याजवळ नाक नेऊन म्हणाले. "झणझणीत आहे हो. आणि एक काहीतरी श्रीमंती."

"मला लवंग येतेय," एमोके प्रेमाने म्हणाली.

लोरिन्त्सनेही दोन श्वास घेतले. अध्यक्षाला काही आलं नाही असं कसं चालेल? "चामडं. नव्या गाडीत बसल्यासारखं वाटतं. हं, काकू, तुमचं सांगा."

काकूंनी डोळे मिटले. ऐकलेलं परत म्हणून टाकणं सोपं होतं. मिरी, लवंग, धूर, मेंढी, आणि वर दोन शब्द पदरचे. नाही म्हणणार कोण? पण काहीतरी खटकत होतं. अत्तर डोक्यावर पडलं की टाळू गार पडते. सकाळी लोरिन्त्सच्या त्या दीड दमडीच्या गुलाबानेही पडली होती. हे नुसतं ओलं होतं. एक ओघळ कपाळावरून थेट डोळ्यात गेला होता आणि डोळा चुरचुरला नव्हता. काकूंनी मानेवरचं ओलं बोटांत चोळलं. तेल नाही. नाक पुसल्यासारखं करून त्यांनी बोट जिभेला लावलं. अत्तर कडू लागतं, जीभ आखडते. हे काहीच लागलं नाही.

बरोबर असलो तर जावई होऊ घातलेला माणूस चारचौघांत उघडा पडतो. चुकलो तर आपण उघडे पडतो. लोरिन्त्स वाट बघत होता. काकूंना मुलीची दया आली, क्षणभर फार आली. पण खुर्चीची त्याहून जास्त आली, हेही खरंच सांगितलं पाहिजे.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नळाचं पाणी. दुसरं काही नाही ह्यात."

सगळ्यांनी कोर्नेलकडे पाहिलं. तो इतका लाल झाला की पहिल्या प्रतीत खपला असता.

"मूळ चाल पाण्याचीच आहे ना," तो पुटपुटला. "जुने लोक तर बादल्या ओतायचे. गल्लीत अकरा घरं आहेत म्हणाली एमोके. नव्या पाहुण्याला अकरा घरी नेतात म्हणाली. अकरा घरं, घरटी दोन बायका, दोन फवारे जरी धरले..."

"खरं कुठाय?" एमोकेने विचारलं.

"कोटाच्या आतल्या खिशात. छोट्या बाटलीत काढून ठेवलंय. वाटेत पेट्रोल पंपावर..."

"तू माझ्या आईच्या डोक्यावर पेट्रोल पंपाच्या संडासातलं पाणी ओतलंस?"

"बेसिनचं," कोर्नेल म्हणाला.

मग जो हशा उसळला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. वेंदेलकाका मांड्या बडवत म्हणाले, मला वाटलंच होतं. लोरिन्त्स म्हणाला, आपण चामड्याची गंमत केली होती, बघत होतो कोण कोण फसतं. एमोके हसत नव्हती, पण तिचा राग लवंगेवरही असावा.

"अहो, पाण्याला वास नाही हे ओळखलं ह्यांनी!" लोरिन्त्स उभा राहून म्हणाला. "आम्ही तिघं उल्लू बनलो आणि ह्या बाईने पाणी ओळखलं. यंत्राने ओळखलं असतं? खड्ड्यात गेलं यंत्र. काकू, सप्टेंबरला खुर्चीवर गादी घालून देतो. तुमच्या जिवात जीव आहे तोवर ती तुमची."

काकूंनी मान डोलावली. जिंकल्याचा आनंद जेवढा व्हायला हवा होता तेवढा होत नव्हता. नाक असलेले तिघं फसले आणि नाक नसलेली एकटी वाचली, ह्यात फुशारकी मारण्यासारखं नक्की काय होतं, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात कोर्नेल पुढे आला. माणूस पार चिरडला गेला होता, आणि चिरडलेली कंजूष माणसं फार खर्चिक होतात. त्याने खिशातली छोटी बाटली काढली. "काकू, माझी चूक झाली. हे खरं. सगळं तुमचं." आणि कुणी थांबवायच्या आत त्याने ती काकूंच्या डोक्यावर उपडी केली, चौऱ्याण्णव हजारांच्या चौऱ्याण्णव हजार.

नरक पायरीपायरीने न येता एकदम आला. वेंदेलकाकांना ठसका लागला तो थांबेना. लोरिन्त्स शिंकत शिंकत खिडकीकडे धावला. एमोकेने पदार्थांवर फडकं टाकलं आणि दुसरं नाकाला लावलं. टेबलाखाली झोपलेलं कुत्रं उठलं, सगळ्यांकडे एकदा निराशेने पाहून बाहेर निघून गेलं.

काकूंची टाळू गार पडली. ह्या खेपेला खरंच गार पडली. आणि त्यांच्या मनात एक वेडी आशा आली. एवढ्या लोकांना पळवून लावतंय ते, इतकं जबरदस्त आहे, तर काय सांगावं. एवढंसं तरी आत शिरेल. त्यांनी मान वर केली, कोर्नेलच्या हातातल्या बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि पोट भरेपर्यंत श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

काही नाही. हवा होती. गार हवा.

आणि मग काकूंना रडू आलं. सोळा महिन्यांत आलं नव्हतं ते आलं.

"हे होतं," लोरिन्त्स शिंकांच्या मधून आदराने म्हणाला. "असलं नाक असलं की हे होतं. सोसत नाही."

"लोरिन्त्स," काकू म्हणाल्या, "यंत्र घे. मला वास येत नाही. सोळा महिने झाले. ह्याचा नाही, हॅमचा नाही, मिरचीचा नाही. गेला हंगाम मी डोळ्यांनी आणि जिभेने काढला. वेंदेलची ती पोती कुबट होती हे मला कळलंच नाही."

वेंदेलकाकांनी पाइप खाली ठेवला.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतायत. शेजारधर्म! अध्यक्ष, ती पोती माझ्या तळघरात भिजली होती, काकूंच्या टेबलावरून गेली त्यानंतर. मी आजवर बोललो नाही. ह्या बाईने मला लाजवलं." हे खोटं होतं, पण भावनेच्या भरात त्यांना ते खरं वाटू लागलं होतं.

"मला खरंच वास येत नाही," काकू मोठ्याने म्हणाल्या.

"हो हो," लोरिन्त्स डोळे पुसत हसला. "आत्ताच पाणी ओळखलं आणि म्हणे वास येत नाही! बिचाऱ्या पोराची लाज राखायला बघताय. काकू, तुमचं मन मोठं आहे, पण संघाला एवढं मूर्ख समजू नका."

"आई, पुरे आता," एमोके आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "त्याला माफ केलंय मी. तू खोटं बोलायची गरज नाही."

सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. आता ह्याहून स्पष्ट कसं सांगतात, ते काकूंना माहीत नव्हतं. लोरिन्त्सने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, नाक दाबूनच. वेंदेलकाकांना आज दरवर्षीचा नेम मोडून पुढच्या घरी जायची घाई झाली होती. ही हकीकत गरम असतानाच पोचवायला हवी होती. दोघं अंडी घेऊन निघाले आणि एमोके त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

कोर्नेल मागे राहिला होता. टेबलावर सांडलेलं तो फडक्याने टिपत होता. जमलं असतं तर पिळून परत बाटलीत भरलं असतं. काकू आपल्या खुर्चीत ओल्या डोक्याने बसून होत्या. त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"एकदम गेला," त्याने विचारलं, "की हळूहळू?"

काकूंनी वर पाहिलं.

"बाटली तुमच्या नाकाखाली होती," तो म्हणाला. "माणूस तोंडाने काहीही बोलतो, मीही बोलतो. पण नाकपुड्यांना थापा मारता येत नाहीत. अकरा वर्षं मी लोकांच्या नाकपुड्या बघतोय, दुसरं काही येतच नाही मला. तुमच्या हलल्या नाहीत."

"एकदम," काकू म्हणाल्या. "चार दिवसांत."

त्याने त्यांच्याजवळ खुर्ची ओढली. औषधाचं, डॉक्टरचं, परत येतो कधीकधी असलं काही बोलला नाही. नुसता बसला. काकूंनी रुमालाने गालावरचे ओघळ पुसले आणि रुमाल त्याच्यापुढे धरला.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं. "तुझ्या त्या दोन पानांतलं नको. धूर, शरम, उलगडणं, ते नको. माणसाला सांगतात तसं सांग."

कोर्नेलने रुमाल नाकाशी धरला. डोळे मिटले. तोंड उघडून त्याने दोनदा मिटलं. सवयीचे शब्द येत असावेत आणि तो त्यांना परत पाठवत असावा.

"काकू, खरं सांगू?" तो शेवटी म्हणाला. "मिरचीच्या गोदामात मेंढी मरून पडलीय आणि कुणीतरी तिच्यावर लवंगा टाकून विषय मिटवलाय."

काकू हसल्या. हसता हसता त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"गोदामाचं परत सांग," त्या म्हणाल्या. "मिरची कशी येतेय? सुकलेली, की दळलेली? सावकाश सांग."